दोन फूट आणि वर एक बोट

वसंतराव भोयर गाडी बघायला जातात तेव्हा सोबत बांबू नेतात. बांबू काही फार मोठा नाही. दोन फूट आणि वर एक बोट, एवढाच तुकडा. दोन्ही टोकं घासून गुळगुळीत केलेली, अंग हाताळून हाताळून पिवळं पडलेलं. एका शोरूमच्या काचेच्या दाराशी पहारेकऱ्याने त्यांना पहिल्यांदा अडवलं, तेव्हा मी दोन पावलं मागे उभा राहून, आपण यांच्यासोबत आलेलो नाही असा चेहरा करण्याचा प्रयत्न करत होतो. काठी बाहेर ठेवा, असं पहारेकरी म्हणाला.

"काठी नाही, माप आहे," वसंतराव म्हणाले, आणि आत गेले.

मनीषनगरात त्यांचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत. ते भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. लोकांची शेतं मोजायची, धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, भांडणं ऐकायची आणि खुणा रोवून यायचं, यात त्यांची सारी नोकरी गेली. दोन शेतांमधली सीमा मोजून पक्की केली, की त्यांच्या खात्यात त्याला 'हद्द कायम' म्हणतात. खातं सुटलं, पण तो शब्द काही सुटला नाही. काकूंनी विचारलं, अजून एक पोळी वाढू का, तर उत्तर येतं, "अर्धी. हद्द कायम." गल्लीतल्या गणपतीची वर्गणी असो की माझी स्कूटर कुठपर्यंत उभी करायची हा प्रश्न असो, वसंतराव एकदा 'हद्द कायम' म्हणाले, की पुढे बोलण्यात अर्थ नसतो. माझ्या स्कूटरच्या बाबतीत तर त्यांनी फरशीवर पांढरी रेघच मारून दिली आहे.

त्यांच्या घरी बसायचं म्हणजे आणखी एक गंमत आहे. सोफा, दिवाण, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या, सगळ्यांच्या पायांखाली त्यांनी लाकडी ठोकळे बसवले आहेत. माझ्यासारखा बेताच्या उंचीचा माणूस सोफ्यावर टेकला, की त्याचे पाय अधांतरी लोंबतात. वर्गात बाकावर बसलेल्या पहिलीतल्या मुलासारखं वाटतं, आणि मी तर स्वतः शाळेत शिकवतो. कारण विचारलं तर वसंतराव सांगत, खालून हवा खेळती राहते, वाळवी लागत नाही. फरशीच्या घरात वाळवी कुठून येणार, हे मी दोनदा विचारून पाहिलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मागच्या वर्षीच्या कोजागिरीला गच्चीवर दूध पिता पिता त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आत दारात गाडी पाहिजे. गाडी दहा लाखांच्या आतली, गॅसवर चालणारी, आणि 'उंच, पण जास्त उंच नाही' अशी. म्हणजे ज्याला हल्ली कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात ती. आजवर ज्या माणसाने एका स्कूटरवर संसार केला, त्याला सदुसष्टाव्या वर्षी हे काय सुचलं, म्हणून सगळ्यांना गंमत वाटली. पुढच्याच आठवड्यात ते ड्रायव्हिंग क्लासला जाऊ लागले. कॉलेजातल्या दोन मुलींच्या मधोमध मागच्या सीटवर बसून आपली पाळी येण्याची वाट बघत असलेले वसंतराव मला सिग्नलवर दिसायचे. त्यांच्या मांडीवर तो बांबू असायचाच.

सल्ले पुष्कळ आले. कोणी म्हणालं बॅटरीची घ्या, कोणी म्हणालं डिझेलची जुनी घ्या. गॅसच का, असं मीही विचारलं. नागपुरात पंप मोजके, त्यांवर रांगा, रांगेत उभं राहिलं तर कधी प्रेशर नाही. वसंतरावांनी नीट विचार करून सांगितलं, "पेट्रोलवर माणूस वर्षातून एकदा जाते सर. गॅसवर मनात आलं की जाते." कुठे जाते, हे काही बोलले नाहीत.

माझ्याकडे लहानशी मोटार आहे. आठ वर्षं झाली, अजून एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही. एका सकाळी मी ती पुसत असताना वसंतराव आले, पुढचं डावं दार उघडलं, बांबू जमिनीवर उभा केला आणि सीट कुठपर्यंत येते ते पाहिलं. सीट बांबूच्या वीतभर खाली होती.

"ही गाडी नाही सर, खड्डा आहे," ते म्हणाले.

मला राग आला. आलाच. तरी त्यानंतरचे जवळजवळ सगळे रविवार मी त्यांच्यासोबत शोरूम पालथी घालण्यात घालवले, कारण मला गाडीतलं कळतं असं त्यांनी चारचौघांत म्हटलं होतं आणि मीही ते नाकारलं नव्हतं.

एकही गाडी पास होईना. एक देखणी होती, पण सीट बांबूच्या चार बोटं वर. एका गाडीत गॅसचं भलंमोठं सिलिंडर डिकीत आडवं झोपलेलं होतं, शेजारी जेमतेम एक छत्री मावली असती. "इथं पोतं कुठं ठेवाचं?" वसंतरावांनी विचारलं. विकणारा म्हणाला, सर, आजकाल पोतं कोण नेतं. त्या शोरूममध्ये आम्ही पुन्हा गेलो नाही. तिसऱ्या गाडीला छतात काचेची खिडकी होती, तिच्यातून आकाश दिसायचं. नागपूरच्या उन्हाळ्यात छपराला भोक पाडून वर त्याचे जास्तीचे पैसे कोण देणार, असा त्यांचा सवाल होता. गाडीचा टीव्ही किती इंची, गाणी कशी वाजतात, यातलं काही ते विचारत नसत. दार किती उघडतं, उघडल्यावर धरायला काय आहे, सीटची कड टोचते का, हे विचारत. मग खाली बसून बांबू लावत.

शेवटी एका शोरूममध्ये राऊत मॅडम भेटल्या. पस्तिशीच्या, शांत, आणि बांबू पाहून न हसणाऱ्या. त्यांच्याकडच्या गाडीत एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडरं डिकीच्या तळाशी दडवलेली होती, वर सामानाला मोकळी जागा. सीटला बांबू लावला तर दोघांची डोकी एका रेषेत. मी मनातल्या मनात पेढे वाटले. वसंतराव मात्र उठेनात. म्हणाले, ही तर रिकामी गाडी आहे. गॅस भरून आणा, आत माणसं बसवा, मग किती दबते ते बघू.

राऊत मॅडमनी एक मिनिट त्यांच्याकडे पाहिलं आणि खरोखरच टाकी भरून आणवली. मग माणसं जमवली. मागे हिशेबनीस, वर्कशॉपमधले एक जाडगेले मिस्त्री आणि मी. स्टिअरिंगवर तिथला पहारेकरी, एव्हाना आमच्या ओळखीचा झालेला. पुढची डावी सीट मोकळी ठेवून वसंतराव खाली उकिडवे बसले. आम्ही श्वाससुद्धा बेताने घेत होतो. मिस्त्री शिंकले तेव्हा वसंतरावांनी माप पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

"अर्धं बोट कमी," ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

घरी येताना मी त्यांच्यावर चिडलो. दसरा पंधरा दिवसांवर आलाय, माझे वर्षाचे रविवार गेले, चार माणसं तुमच्यासाठी गाडीत कोंबून बसली आणि तुम्ही अर्ध्या बोटासाठी नाही म्हणता, असं बरंच काही बोललो. अर्ध्या बोटाने कोणाचं काय अडतं, असंही म्हणालो. एरवी सकाळी सहाला भिंतीपलीकडून "सर, उठले काय?" असा आवाज येतो, तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी मीच समेट करायला गेलो. ते बाजारात गेले होते. काकूंनी चहा ठेवला आणि मी त्या उंच सोफ्यावर पाय लोंबकळत बसलो.

"सर, तुम्हाले आक्का आठवते?" काकूंनी विचारलं.

आठवत होत्या. वसंतरावांची थोरली बहीण. पारशिवनीच्या पुढे एका गावात त्यांचं सासर. आई लवकर गेल्यावर वसंतरावांना त्यांनीच कडेवर घेऊन वाढवलं. जन्मभर धानाच्या चिखलात वाकून रोवणी केली आणि गुडघे त्यात गेले. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला वसंतरावांनी त्यांना भाड्याच्या गाडीतून आणलं होतं. गाडी माझ्या गाडीसारखीच, बुटकी. दारात आल्यावर आक्कांना सीटवरून उठताच येईना. तेव्हा गल्लीतल्या दोघांनी त्यांना काखेत हात घालून बाहेर ओढून काढलं. त्या दोघांतला एक मी होतो. आणि ओढता ओढता मी, वातावरण हलकं करावं म्हणून, "आक्का, सासरचं खाऊन वजन वाढवलं वाटतं," असं काहीतरी म्हणालो होतो. लोक हसले होते. आक्काही हसल्या होत्या.

"त्यानंतर त्या आल्या नाहीत," काकू म्हणाल्या. "यांले सांगून पाठवलं, माणसाले पोत्यासारखं उचलून उतरवावं लागते, असं माहेर मले नको. स्वतःहून चढता-उतरता आलं तं येईन."

गावी आक्का घरासमोरच्या ओट्यावर बसतात. त्या ओट्यावर कोणाच्या मदतीशिवाय टेकता येतं, उठताही येतं. वसंतरावांनी त्याची उंची मोजली होती. दोन फूट आणि वर एक बोट. बांबू तिथलाच, आक्कांच्या कुंपणातला. सोफ्याखालचे ठोकळे कशासाठी, हे मला आता कोणी सांगायची गरज नव्हती. मी चहा तसाच ठेवून उठलो. इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

त्याच दुपारी मी एकटा राऊत मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मार्ग सुचवला, आणि तो इतका सोपा होता की आम्हा दोघांना वर्षभर सुचला नव्हता: सीटचं कव्हर शिवणाऱ्याकडून अर्धं बोट जास्त फोम भरून घ्यायचा. वसंतरावांना सांगितलं, तर त्यांनी आधी फोम दबून किती उरतो याची चौकशी केली. मग म्हणाले, "हद्द कायम." गॅसच्या गाडीसाठी थांबावं लागतं. आम्ही रोज फोन करत होतो. मॅडम रोज उचलत होत्या. वसुबारसेच्या चार दिवस आधी गाडी आली.

लेकीला सासरहून माहेरी आणायला जो जातो, त्याला मुराळी म्हणतात. वसुबारसेच्या सकाळी सदुसष्ट वर्षांचा मुराळी इस्त्रीचा सदरा घालून निघाला, आणि सोबतीला मी. आदल्या दिवशी पंपावर तासभर रांगेत राहूनही प्रेशर नव्हतं, टाकी अर्धीच भरली होती. हे शल्य वसंतरावांना टोचत होतं. दर थोड्या वेळाने ते काट्याकडे बघत. जाऊन येऊन होईल, असं मी दहादा सांगितलं.

गावी वसंतरावांनी सगळ्यांना घरात पाठवलं, मलाही. आक्का गाडीत कशा बसल्या, हे कोणी पाहिलं नाही. पाव तासाने हाक आली, तेव्हा त्या पुढच्या सीटवर बसलेल्या होत्या, चेहरा घामाने डबडबलेला, पदराने वारा घेत. डिकीत तांदळाचं पोतं, एक कोहळं आणि तुरीच्या डाळीची पिशवी. सगळं मावलं. "एक चढणं, एक उतरणं," वसंतराव माझ्या कानाशी म्हणाले. "एक झालं."

वाटेत मी धीर केला. मागून म्हणालो, "आक्का, त्या दिवशी मी जे बोललो..."

"कोणत्या दिवशी, मास्तर?" आक्का म्हणाल्या आणि खिडकीबाहेरचं धान पाहू लागल्या. त्यांना आठवत होतं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

कन्हान ओलांडलं आणि रस्त्याला गॅसचा पंप लागला. पंपावर एकही गाडी नव्हती. वर्षभर रांगांचा धसका घेतलेला माणूस. रिकामा पंप दिसल्यावर वसंतरावांचे हात आपोआप वळले. गाडी नळीपाशी उभी राहिली. पंपावरचा माणूस आला आणि म्हणाला, सगळे उतरा.

गॅस भरताना गाडीत कोणी बसायचं नाही, असा नियमच आहे. या चार दिवसांत वसंतराव पंपावर एकटे गेले तेव्हा काटा बघायला आपणहून उतरले, त्यामुळे त्यांना कोणी उतरा म्हटलंच नव्हतं. आणि मला गाडीतलं कळतं, असा माझा लौकिक. शोरूममध्ये शंभर प्रश्न विचारून झाले होते. हा एक आमच्या दोघांच्याही ध्यानात आला नव्हता. वसंतराव म्हणाले, राहू द्या, नको गॅस, आम्ही पेट्रोलवर जातो, आणि बटण चाचपू लागले. यांना बसून राहू देता येत नाही का, असं मी त्या माणसाला विचारलं. त्याने मान हलवली.

"काहून गा वसंता, काय झालं?" आक्कांनी विचारलं.

"काही नाही. पंप बंद आहे."

आक्कांनी पंपाकडे पाहिलं. त्या माणसाच्या हातातल्या नळीकडे पाहिलं. मग दार उघडलं. एक पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला, मग दुसरा. दाराची मूठ धरली, आणि हळूहळू जमिनीवर उभ्या राहिल्या. वसंतराव वळसा घालून पोहोचेपर्यंत त्या खांबापाशी गेलेल्या होत्या.

गॅस भरायला चार-पाच मिनिटं लागली. प्रेशर उत्तम होतं, पण त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. टाकी भरली. आक्का गाडीकडे आल्या, पाठ सीटकडे केली आणि हाताने मागची कड चाचपली. पंपावरचा माणूस भला होता. "थांबा आजी, मी धरतो," म्हणत तो पुढे झाला. मीही, खरं सांगायचं तर, एक पाऊल टाकलंच होतं.

वसंतरावांनी दारातल्या कप्प्यातून बांबू काढला आणि आम्हा दोघांच्या समोर आडवा धरला.

"इथंच थांबा," ते म्हणाले. "हद्द आहे ही."

तोंड त्यांनी रस्त्याकडे फिरवलं होतं. बहिणीकडे बघितलं, तर आपल्यालाच धरायला जावंसं वाटेल, याची त्यांना भीती असावी. आम्ही तिघं पुरुष तसे उभे राहिलो. मागे आक्कांचा श्वास ऐकू येत होता. एकदा त्या थांबल्या. एकदा "हाय मायं" म्हणाल्या. मग सीटचं कव्हर करकरलं, एक पाय आत गेल्याचा आवाज आला, मग दुसरा, आणि दार लागलं. वसंतरावांनी बांबू खाली केला. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला मी पंपाचा काटा वाचत राहिलो.

गाडी रस्त्याला लागली. कामठी आली, गेली. आक्कांनी घाम पुसला, केस सारखे केले, मांडीवर हात ठेवून ताठ बसल्या.

"वसंता, अजून असा पंप हाय काय गा पुढं?"

"काहून?"

"नाही, म्हणलं, असन तं अजून एकदा उतरून पाहीन."

वसंतरावांनी माझ्याकडे आरशातून पाहिलं. नागपुरात शिरताना एक पंप लागला. टाकी काठोकाठ भरलेली होती, पंपावर आठ गाड्यांची रांग होती, घरी काकू औक्षणाचं ताट घेऊन थांबल्या असणार. वसंतरावांनी गाडी आत घेतली आणि कडेला हवा भरायच्या यंत्रापाशी उभी केली. तिथल्या माणसाने विचारलं, काय पाहिजे.

"चारही चाकांची हवा तपासून द्या," वसंतराव म्हणाले. "सावकाश तपासा."

आक्का तोवर दार उघडून उतरल्या होत्या.